डिजिटल तयारीचे गुण चांगले आहेत, मग प्रत्येक प्रकल्प का अडकतो?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मध्यम आकाराची बँक. बाहेरच्या सल्लागारांनी प्रश्नावली भरून घेतली, 'डिजिटल तयारी' ५ पैकी ३.८ निघाली आणि अहवाल संचालक मंडळापुढे जाऊन सगळ्यांचं समाधान झालं. प्रत्यक्षात मात्र कुठलाही नवा प्रकल्प जोखीम आणि कम्प्लायन्स (नियमपालन) विभागाच्या टेबलावर महिनोन्‌महिने पडून राहतो. आता वरिष्ठ विचारताहेत, क्लाउडवर (म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर) जायला आणि कर्जमंजुरीत एआय वापरायला आपण तयार आहोत का? आणि अडचण नियमांची आहे की आपली, हे तुम्हाला ठरवता येत नाहीये.

मी बरीच वर्षं बँका आणि विमा कंपन्यांमध्ये तंत्रज्ञान जोखमीचं काम केलंय, आधी ऑडिटच्या बाजूनं आणि नंतर प्रकल्प उभे करणाऱ्यांच्या बाजूनं. माझ्या मते तो ३.८ चुकीचा नसेलही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. अशा प्रश्नावल्या विचारतात की तुमच्याकडे काय काय आहे: मोबाइल ॲप आहे का, एपीआय (दोन प्रणालींना जोडणारे दुवे) आहेत का, क्लाउड धोरण मंजूर आहे का, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण झालं का. नियामक वेगळंच विचारतो. हे बिघडलं तर ग्राहकाचं काय होईल? बिघाड तुम्हाला किती वेळात कळेल? पूर्ववत कसं कराल? आणि हे सगळं कशाच्या आधारावर सांगताय? पहिल्या प्रकारच्या प्रश्नांना 'आहे' म्हणून भागतं, दुसऱ्यांना पुरावा लागतो. तुमचे प्रकल्प बहुधा या पुराव्यापाशी थांबताहेत.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगतो. कोअर प्रणाली (खाती आणि व्यवहार सांभाळणारी मूळ प्रणाली) तुमची स्वतःची आहे, समूहातल्या मोठ्या कंपनीची आहे की व्हेंडरनं चालवलेली, यावर निम्मं उत्तर बदलतं. तुम्ही ठेवी घेता की फक्त कर्ज देता, यावर नियामकाची नजर किती कडक ते ठरतं. एकाहून अधिक देशांत काम असेल तर डेटा कुठं ठेवायचा हा वेगळाच विषय होतो. तेव्हा पुढचं वाचताना तुमच्या देशातले नियम शेजारी ठेवा. माझा भर विचार कसा करायचा यावर आहे.

ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेचं प्रकरण मी नेहमी सांगतो, कारण कागदावरची तयारी आणि खरी तयारी यांतलं अंतर त्यात स्वच्छ दिसतं. ही बँक लॉइड्स या दुसऱ्या ब्रिटिश बँकेच्या प्रणालीवर चालत होती. स्पेनच्या सबाडेल समूहानं ती घेतल्यावर नव्या प्रणालीवर स्थलांतर ठरलं आणि एप्रिल २०१८मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांचं काम एकाच वेळी हलवलं गेलं. लक्षात घ्या, डेटा व्यवस्थित हलला. शिल्लक रकमा, खाती सगळं पोचलं. पण ग्राहक लॉगिन करू लागले तशी नवी प्रणाली कोलमडली. १९ लाखांपर्यंत ग्राहकांना आपल्याच खात्यात शिरता येईना. कामकाज पूर्णपणे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला.

नंतरच्या चौकशीत जे बाहेर आलं ते तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं आहे. दोन डेटा सेंटर एकाच वेळी चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी त्यांतल्या एकावरच झाली होती. प्रणाली उभारणारी कंपनी त्याच समूहातली होती आणि तिच्यामागे ८५ उपकंत्राटदार होते. 'आम्ही तयार आहोत' असं त्या कंपनीनं कळवलं आणि बँकेनं ते पुरेसं तपासून घेतलं नाही. डिसेंबर २०२२मध्ये दोन नियामकांनी मिळून बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. एप्रिल २०२३मध्ये तेव्हाच्या मुख्य माहिती अधिकाऱ्यावर व्यक्तिशः ८१,६२० पौंडांचा दंड बसला, पुरवठादारावर नीट देखरेख ठेवली नाही म्हणून. कम्प्लायन्समधला माणूस सही करायला का बिचकतो, हे यावरून कळावं. चूक झाली तर ती आता संस्थेच्या नावावर टाकून मोकळं होता येत नाही.

म्हणून पूर्ण बँकेची तयारी मोजण्याच्या भानगडीत मी पडत नाही. एक सेवा निवडतो. ब्रिटनच्या नियामकांनी मार्च २०२२पासून लागू केलेल्या नियमांत हाच विचार आहे: ग्राहकाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या सेवा ओळखा, प्रत्येक सेवा जास्तीत जास्त किती वेळ बंद राहिली तर नुकसान असह्य होईल ते ठरवा आणि त्या मर्यादेत तुम्ही राहू शकता हे चाचणीनं दाखवा. तुमच्या देशात असा नियम नसला तरी पद्धत उपयोगाची आहे. 'ग्राहकानं मोबाइलवरून पैसे पाठवणं' ही एक सेवा घ्या. बटण दाबल्यापासून समोरच्याच्या खात्यात रक्कम जमा होऊन दिवसअखेरचा ताळमेळ लागेपर्यंत ती कुठून कुठून जाते, ते भिंतीवर काढा. त्या खोलीत ऑपरेशन्सची माणसं हवीतच. नुसते आर्किटेक्ट, म्हणजे प्रणालीची रचना आखणारे, बसवले तर प्रणाली जशी असायला हवी तसं चित्र तयार होतं. जशी आहे तसं चित्र हवं असेल तर रोज रात्री बॅच (एकगठ्ठा होणारी कामं) चालवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

हे केल्यावर जवळजवळ प्रत्येक संस्थेत मला ठरावीक गोष्टी दिसल्या आहेत. पूर्ण साखळी माहीत असलेला एकही माणूस नसतो. मधे कुठेतरी एक फाइल एका प्रणालीतून काढून दुसरीत हातानं चढवली जाते आणि ती गोष्ट कुठल्याच दस्तऐवजात नसते. एखादी एक्सेल शीट असते, ती बिघडली तर नियामकाकडे जाणारं विवरण चुकेल, पण तिचा मालक कोण ते कुणी सांगत नाही. आणि एक ज्येष्ठ सहकारी असतो, जो सुट्टीवर गेला की सगळे धास्तावतात. प्रश्नावलीत यातलं काहीही येत नाही, कारण यातलं काहीच 'तंत्रज्ञान' या सदरात बसत नाही. कम्प्लायन्सला मात्र याची कुणकुण असते. नेमकं बोट ठेवता येत नाही, म्हणून ते 'आणखी माहिती द्या' असं लिहून फाइल परत पाठवतात.

यानंतर मी पाहतो बदल. माझ्या अनुभवात तयारीची सगळ्यात प्रामाणिक कसोटी हीच आहे: संस्था एक छोटा बदल सुरक्षितपणे करू शकते का आणि तो मागे घेऊ शकते का. ॲपच्या एखाद्या स्क्रीनवरची सूचना बदलण्यासारखा अगदी निरुपद्रवी बदल घ्या. मागणी आली तेव्हापासून तो प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या चालू प्रणालीवर) जाईपर्यंतचे सगळे ईमेल, तिकिटं (कामाच्या नोंदी) आणि मंजुऱ्या काढा. प्रत्यक्ष काम किती झालं आणि तो नुसता वाट पाहत किती पडून राहिला, हे वेगवेगळं लिहा. बहुतेक वेळ वाट पाहण्यात गेलेला दिसेल. मग प्रत्येक थांब्यावर विचारा, इथं थांबण्याचं कारण कोणत्या परिपत्रकाचं कोणतं कलम?

हा प्रश्न सौजन्यानं विचारा, पण उत्तर मिळाल्याशिवाय सोडू नका. उत्तरं तीन प्रकारची येतात. काही ठिकाणी खरंच नियम असतो, तिथं वाद घालू नका. काही ठिकाणी नियामकाचा नियम सैल असतो, पण बँकेनंच पूर्वी कधीतरी त्याहून कडक अंतर्गत धोरण केलेलं असतं. ते योग्य समितीकडून बदलून घेता येतं. आणि बऱ्याच ठिकाणी लिखित काहीच नसतं. जुन्या ऑडिटमध्ये कुणीतरी शेरा मारला होता, तेव्हापासून 'असंच करायचं' ही रीत पडली. तो शेरा ज्या प्रणालीबद्दल होता ती प्रणालीही आता चालू नसते. 'नियामक परवानगी देत नाही' असं म्हटलं जातं त्यातला मोठा भाग या तिसऱ्या प्रकारचा असतो, असं मी ठामपणे म्हणेन. तुम्ही विचारलंत ना, अडचण नियमांची की आपली? ही वर्गवारी एकदा करा, तुमच्याच कागदांतून उत्तर मिळेल.

बदल मागे घेण्याकडे लोक फार हलकेपणानं पाहतात. चेंजच्या फॉर्मवर 'रोलबॅक: आधीची आवृत्ती बसवू' अशी एक ओळ लिहिलेली असते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेत काय झालं ते पाहा. नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातवरच चढला. आठव्यावर २००३पासून वापरात नसलेला जुना कोड पडून होता, तो जागा झाला आणि बाजारात ऑर्डरी सोडू लागला. बाजार उघडण्याआधी प्रणालीनं कर्मचाऱ्यांना या त्रुटीचे ९७ ईमेल पाठवले होते. पण ते इशारे म्हणून आखलेलेच नव्हते आणि कर्मचारी ते सहसा पाहत नसत. गोंधळ उडाल्यावर दुरुस्ती म्हणून त्यांनी उरलेल्या सात सर्व्हरवरचा योग्य कोड काढून टाकला, त्यामुळे तिथंही जुना कोड सुरू झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा. त्याच वर्षी जूनमध्ये ब्रिटनच्या आरबीएस समूहात बॅच चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं अपग्रेड नीट झालं नाही म्हणून मागे घेतलं गेलं, पण मागे घेण्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते. लाखो ग्राहकांचे व्यवहार अडकले आणि २०१४मध्ये ५ कोटी ६० लाख पौंडांचा दंड झाला. तेव्हा रोलबॅक हाही एक बदलच आहे, त्याचीही यूएटी (वापरणाऱ्यांनी स्वतः करून पाहायची चाचणी) हवी, हे माझ्या चेकलिस्टमध्ये अगदी वर असतं. तुमच्या गेल्या वर्षभरातल्या बदलांपैकी कितींचा रोलबॅक खरोखर करून पाहिला होता, हा आकडा काढा. ३.८पेक्षा तो कितीतरी बोलका असेल.

इथवरचं एकदा जुळवून घेऊ. एक सेवा निवडा, तिची खरी साखळी काढा. एका बदलाचा माग काढून प्रत्येक अडथळ्यामागे नियम आहे, धोरण आहे की नुसती रीत ते ठरवा. मागे येण्याची क्षमता करून पाहा. एवढं झाल्याशिवाय क्लाउड आणि एआयचा विषय काढू नका असं मी सांगेन. कारण ही दोन्ही तंत्रज्ञानं आधीच्या दुबळ्या जागा झाकत नाहीत, उलट त्यांवरचा भार वाढवतात.

आता क्लाउड. 'क्लाउड सुरक्षित आहे का' या चर्चेत फार वेळ जातो. मोठ्या क्लाउड कंपन्यांची सुरक्षा बहुतेक बँकांच्या स्वतःच्या डेटा सेंटरपेक्षा चांगलीच असते. धोका असतो तो जबाबदारीच्या सीमारेषेवर. २०१९मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या सुमारे ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. दोष बँकेच्या बाजूच्या फायरवॉलच्या चुकीच्या मांडणीत (सेटिंग्जमध्ये) होता. पुढच्या वर्षी नियामकानं ८ कोटी डॉलरचा दंड केला, त्याचं कारण वाचण्यासारखं आहे: सार्वजनिक क्लाउडवर काम हलवण्याआधी जोखमीचं परिणामकारक मूल्यमापन करण्याची व्यवस्था बँकेनं उभी केली नव्हती. म्हणजे शिक्षेचा रोख होता आधी न केलेल्या तयारीवर.

त्यामुळे क्लाउडसाठी तयारी तपासताना मी काही साधे प्रश्न विचारतो. कोणती मांडणी आपली आणि कोणती पुरवठादाराची, हे प्रत्येक सेवेसाठी लिहून ठेवलंय का? त्या मांडणीत कुणी बदल केला तर त्याच दिवशी कळतं का? पुरवठादाराच्या मागे कोण कोण आहे? सिंगापूरच्या डीबीएस बँकेचं नाव डिजिटल बँकांमध्ये अग्रक्रमानं घेतलं जातं. तरी ऑक्टोबर २०२३मध्ये तिची सेवा बंद पडली ती दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या शीतकरण यंत्रणेत बिघाड झाल्यामुळे. त्या वर्षातला हा पहिला बिघाड नव्हता. नियामकानं अनावश्यक आयटी बदलांवर सहा महिने बंदी घातली. यंत्रणा दुसऱ्याची असली तरी जाब बँकेलाच द्यावा लागतो. युरोपीय संघात १७ जानेवारी २०२५पासून लागू झालेला 'डोरा' कायदाही याच दिशेचा आहे: तंत्रज्ञान पुरवठादारांच्या सगळ्या करारांची नोंदवही ठेवा आणि महत्त्वाच्या कामांसाठी पुरवठादार सोडून बाहेर पडण्याची योजना तयार ठेवा. तुमच्या बँकेत अशी योजना असेल तर ती उघडून पाहा. डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळेल, तो वाचणारी प्रणाली कोणती आणि तोवर ग्राहकाचं काम कसं चालेल, हे त्यात नसेल तर ती योजना म्हणून धरू नका.

एआयबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तुमच्या वर्णनावरून तो टप्पा अजून दूर आहे. कर्जमंजुरीतलं मॉडेल, म्हणजे अर्जदाराच्या माहितीवरून कर्ज द्यावं का ते सुचवणारं गणित, हा जोखमीचाच वापर मानला जातो. युरोपच्या एआय कायद्यात व्यक्तींची पतपात्रता ठरवणारी प्रणाली उच्च जोखमीच्या यादीत आहे. अमेरिकेत मॉडेलच्या जोखमीबद्दल बँकांना २०११पासूनच मार्गदर्शन आहे, आणि त्याचा गाभा असा की मॉडेल बनवणाऱ्यापेक्षा वेगळ्या, स्वतंत्र माणसानं त्याला आव्हान दिलं पाहिजे. तुमच्याकडे असा माणूस आहे का? आणखी एक कसोटी: दोन वर्षांपूर्वी नाकारलेला एक अर्ज काढा आणि तो का नाकारला हे त्या वेळचा डेटा, त्या वेळची मॉडेलची आवृत्ती आणि त्या वेळची मर्यादा वापरून पुन्हा घडवून दाखवा. आजच्या साध्या स्कोअरकार्डसाठी (अर्जदाराला गुण देणाऱ्या तक्त्यासाठी) हे जमत नसेल तर एआयसाठी जमणार नाही. सुरुवात करायचीच असेल तर कागदपत्रं वाचून सारांश देणं, तक्रारींची वर्गवारी करणं अशा कामांपासून करा, जिथं अंतिम निर्णय माणूस घेतो आणि चूक झाली तर ग्राहकाचं नुकसान होण्याआधी पकडता येते.

एआयच्या मुळाशी डेटा आहे आणि तिथं मोठमोठ्या संस्थाही मागे आहेत. जोखमीचा डेटा एकत्र कसा करावा याची तत्त्वं बासेल समितीनं (बँकांवरच्या देखरेखीचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या समितीनं) जानेवारी २०१३मध्ये दिली, जगातल्या महत्त्वाच्या बँकांनी २०१६पर्यंत ती पाळायची होती. नोव्हेंबर २०२३च्या आढाव्यात ३१पैकी दोनच बँका सगळी तत्त्वं पूर्णपणे पाळत असल्याचं आढळलं. त्यामुळे तुमच्याकडे एकाच ग्राहकाचा पत्ता दोन प्रणालींत दोन वेगळ्या प्रकारे असेल तर खचून जाऊ नका. पण प्रश्नावलीत 'डेटाची गुणवत्ता: ४' असं लिहिलं असेल तर तो गुण कुणी आणि कसा दिला, हे जरूर विचारा.

कम्प्लायन्स विभागाशी कसं वागायचं, हे तुम्ही थेट विचारलं नाहीत, पण तुमच्या प्रश्नात त्याबद्दलचा राग जाणवतो, म्हणून लिहितो. त्यांना शेवटच्या टप्प्यावर तयार प्रकल्प दाखवला जातो आणि लॉन्चची तारीख सांगून सही मागितली जाते. अशा वेळी 'नाही' म्हणणं हाच त्यांच्यासाठी एकमेव जबाबदार पर्याय उरतो. चित्र भिंतीवर काढाल त्या दिवसापासून त्यांच्यातला एक माणूस सोबत घ्या. 'मंजुरी द्या' म्हणण्याऐवजी 'कोणता पुरावा दिसला तर तुम्हाला खात्री पटेल?' असं विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ती यादी म्हणजेच प्रकल्पाच्या चाचण्यांची यादी. मी हे जिथं होताना पाहिलंय तिथं मंजुरीचा वेळ कमी झालाच, शिवाय त्यांनी विचारलेल्या प्रश्नांतून खऱ्या त्रुटीही सापडल्या. आणि एक विनंती: नियामकाकडे जायचं असेल तर आधीच आणि कम्प्लायन्स विभागामार्फत जा. बहुतेक नियामक आधी विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देतात. नंतर कळलेली गोष्ट मात्र ते विसरत नाहीत.

आता वरिष्ठांना काय सांगायचं. 'तयार आहोत' किंवा 'नाही' असं एका शब्दात सांगू नका आणि दुसरा गुणांकही देऊ नका. दोन-तीन सेवा निवडा आणि प्रत्येकीसाठी एक पान द्या: ती बंद पडली तर किती वेळ सहन होईल, आज ती परत उभी करायला खरोखर किती वेळ लागतो आणि तो कधी मोजला, साखळीतला सगळ्यात दुबळा दुवा कोणता, आणि तो सुधारण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची. मोजलेलं नसेल तिथं 'मोजलेलं नाही' असंच लिहा. संचालक मंडळाला ते वाचायला आवडणार नाही, तरी लिहा. क्लाउडसाठी यांतली जी सेवा ग्राहकापासून लांब आहे ती आधी न्या, उदाहरणार्थ अंतर्गत अहवाल किंवा चाचणीचं वातावरण, आणि ती परत आणण्याचा सराव एकदा प्रत्यक्ष करा. कर्जमंजुरीतलं एआय वर सांगितलेली जुन्या अर्जाची कसोटी पार झाल्यावरच घ्या.

तुमची कोअर प्रणाली कोण चालवतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती समूहातल्या दुसऱ्या कंपनीकडे असेल तर टीएसबीचा मुद्दा तुम्हाला अधिक लागू होतो, आणि मग सगळ्यात आधी त्या कंपनीशी झालेला करार मागवून घ्या. चाचणीचे निकाल मागण्याचा आणि स्वतः जाऊन तपासणी करण्याचा हक्क त्यात आहे का ते पाहा. घरचीच कंपनी म्हणून हे कलम पुष्कळदा घातलेलंच नसतं.